ब्लूग्रास गिटारची पारख: सहा आठवड्यांच्या नोंदी

४ जानेवारी

गिटार आली, पण पेटी उघडलेली नाही. गारठलेलं लाकूड एकदम उबदार खोलीत बाहेर काढलं की लॅकरच्या थराला केसासारख्या भेगा पडतात, म्हणून उद्या सकाळपर्यंत पेटी कोपऱ्यात तशीच. हात शिवशिवतायत. तोवर हा खटाटोप कशासाठी चाललाय ते लिहून ठेवते.

आम्ही पाच जण ब्लूग्रास, म्हणजे अमेरिकेतलं तारवाद्यांचं लोकसंगीत, वाजवतो: बँजो, मँडोलिन, फिडल (म्हणजे व्हायोलिनच), उभा बास आणि गिटार. गिटार माझी. ब्लूग्रासच्या मूळ साच्यात ड्रम नसतात, त्यामुळे लयीचा सगळा भार तारांवर. बास पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला, मँडोलिनचा तुटक चॉप दुसऱ्या-चौथ्याला, आणि गिटारने दोघांना सांधायचं: आधी जाड तारेवर खर्जाचा एक सूर, मग बाकीच्या तारांवर झटका. ऐकायला सोपं आहे. पण त्या खर्जाच्या सुराला कडा नसेल तर सगळ्यांचाच ठेका पातळ होतो.

माझ्या जुन्या गिटारीचा टॉप, म्हणजे वरची फळी, सिटका स्प्रूस या लाकडाचा, पाठ आणि कडा शिसवीच्या. जगभर ज्याला इंडियन रोझवूड म्हणतात तेच हे शिसवी. एकटीने वाजवत बसावं तर इतकी गोड की उठवत नाही. मंडळात मात्र ती बुडते. दोन वर्षं मी माझ्या उजव्या हाताला दोष देत आले.

ही नवी एका कारागिराने सहा आठवड्यांसाठी दिली आहे. त्याची अट एकच: "ठेवा किंवा परत करा, पण का ते लिहून द्या. नुसतं 'छान आहे' लिहू नका." म्हणून या नोंदी.

ठरवायचंय ते इतकंच. पाच जणांत ती ऐकू येते का, जोरात मारल्यावर आवाज फाटतो का, आणि दोन तासांनी माझा डावा हात शाबूत असतो का. गोडव्याला गुण नाहीत.

५ जानेवारी

सकाळी उघडली. हातात घेतल्याबरोबर जाणवलं ते वजन. काट्यावर १.८ किलो, माझी जुनी २.२ भरते. हलकी म्हणजे चांगली असं नाही, पण एवढ्या मोठ्या डब्याची गिटार इतकी हलकी असेल तर लाकूड बरंच पातळ तासलंय एवढं कळतं.

आकार ड्रेडनॉट. मान डब्याला चौदाव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी) मिळते, तारेची लांबी ६४५ मिमी. टॉप रेड स्प्रूसचा, अ‍ॅडिरॉन्डॅक म्हणतात तो. पाठ-कडा महोगनीच्या, फिंगरबोर्ड आणि घोडी एबनीची. (ब्रिजला मी घोडीच म्हणते, फिडलवालाही तेच म्हणतो.) नट, म्हणजे मानेच्या टोकाची तारा टेकायची पट्टी, ४४.५ मिमी रुंद, घोडीपाशी तारांची पसरण ५६. बोटांनी वाजवणारे इथे ५८-५९ मागतात. एकाच पिकने (तार छेडायच्या चकतीने) तारांवरून उड्या मारायच्या तर जरा जवळजवळ असलेल्या बऱ्या.

आत बघायला दंतवैद्याकडे असतो तसला लहान आरसा आणि मोबाईलचा दिवा. तारा सैल करून आरसा ध्वनिछिद्रातून आत घातला. टॉपच्या पोटाला ज्या दोन मोठ्या पट्ट्या फुलीसारख्या चिकटवलेल्या असतात, त्यांचा छेद छिद्राच्या काठापासून जेमतेम २५ मिमीवर आहे. माझ्या जुनीत तो बराच मागे, घोडीकडे सरकलेला आहे. छेद पुढे नेला की घोडीच्या आजूबाजूचा टॉप मोकळा होतो आणि खर्ज उघडतो. बदल्यात टॉपची ताकद कमी होते. शिवाय या पट्ट्या मधे खोलगट तासलेल्या आहेत, दोन डोंगरांच्या मधली खिंड असावी तशा. मार्टिन ही अमेरिकन गिटार कंपनी १९३०च्या दशकात ड्रेडनॉटच्या आत हेच करायची. १९३९च्या सुमारास तिने फुली मागे नेली आणि १९४४च्या अखेरीस तासणंही थांबवलं, कारण लोक जाड तारा लावू लागले होते आणि टॉप फुगू लागले होते. आज ब्लूग्राससाठी गिटार बांधणारे बरेचसे त्या जुन्या आराखड्याकडेच वळतात. तेव्हा फुगण्याची भीती याही गिटारीला आहे, हे लक्षात ठेवायचं.

सरस कुठे ओघळलेला नाही. तारांच्या टोकाच्या गोट्या घोडीखालच्या मेपलच्या पट्टीला नीट टेकलेल्या. बोटाच्या पेराने सगळा टॉप आणि पाठ टकटक करून ऐकली. एखादी पट्टी सुटली असेल तर तिथे खुळखुळ येते, तशी कुठे आली नाही. पोलादी पट्टी फ्रेटांवर आडवी टाकली तर तिचं टोक घोडीच्या माथ्याला अलगद टेकतं. मानेचा कोन बरोबर असल्याची ही खूण. हा कोन चुकला असेल तर बाकी काहीही मोजत बसायचं कारण नाही.

एक दोष सापडला. अकराव्या फ्रेटचं टोक बारीक तारेच्या बाजूला धारदार राहिलंय, नखाला लागतं.

६ जानेवारी

दीड तास एकटीने वाजवली. निराशा. जुनीवर 'जी' (G) ही कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट, मारून हात उचलला की स्वरांचा ढग बराच वेळ तरंगत राहतो. हिच्यावर सूर येतो आणि संपतो. आस कमी, रंग कमी. बोलताना वाक्य तोडून टाकणाऱ्या माणसासारखी.

९ जानेवारी

कारागिराने लाइट तारा लावून दिल्या होत्या, १२ ते ५३ (तारांची जाडी, इंचाच्या हजारांशात). मला मीडियम, १३ ते ५६ हव्यात. फोन करून विचारलं, टॉपला झेपेल का? "मीडियमसाठीच बांधली आहे, लाइट नुसत्या पाठवण्यापुरत्या," म्हणाला. विचारलेलं बरं. लाइट तारांचा एकूण ताण सुमारे ७३ किलो, मीडियमचा सुमारे ८४. पट्ट्या खोल तासलेल्या गिटारीवर न विचारता दहा-बारा किलो चढवणं म्हणजे दुसऱ्याच्या मालावर प्रयोग.

एकेक तार बदलली, सगळ्या एकदम काढल्या नाहीत. दोन तासांनी मोजलं. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा), चौदाव्यावर बोट दाबलं आणि सातव्यापाशी तार आणि फ्रेट यांच्यात फीलर गेज (फट मोजायचं पातळ पातं) सरकवला. काल ०.१५ मिमी होतं ते ०.३ झालं. मान पुढे वाकली, जाड तारांनी तेच व्हायला हवं होतं. ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली पोलादी कांब, पाव फेरा घट्ट केला, अर्धा तास थांबले, ०.२ वर आलं. इथे थांबले.

आता तारांची उंची. बाराव्या फ्रेटवर जाड तार २.३ मिमी, बारीक १.८. घरी बसून वाजवायला उत्तम. पण ठेका धरून जोरात मारलं की जाड तार फ्रेटांवर आपटते आणि कर्कश खडखड येते. तंबोऱ्याला जवारी लागावी म्हणून माणसं घोडीवर दोरा सरकवत बसतात, इथे ती मुळीच नको. कारागिराने हाडाचं दुसरं, उंच सॅडल (घोडीवर तारा टेकतात ती पट्टी) पेटीत दिलं होतं. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर, म्हणून तिथे ०.३ मिमी वाढवायचं तर सॅडलला दुप्पट, ०.६ वाढवावं लागतं. नवं सॅडल त्याहून जाडसर उंच निघालं. काचेवर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर तळ घासला. घासायचं, बसवायचं, तारा चढवायच्या, मोजायचं, परत उतरवायच्या. चौथ्या खेपेला २.६ आणि २.० आलं. बोटांच्या टोकांना हाडाची पांढरी भुकटी आणि एक विशिष्ट जळका वास, तो हातावरून संध्याकाळपर्यंत गेला नाही.

२.६ ला डाव्या हाताला कष्ट आहेत. पण खडखड गेली.

१२ जानेवारी

रविवारची बैठक. दोन्ही गिटारी नेल्या, पहिला तास जुनी, दुसरा नवी. चाली त्याच, क्रमही तोच.

बसल्या जागेवरून मला फारसा फरक कळला नाही. खरं सांगायचं तर जुनीच बरी वाटली. गिटारीचा आवाज समोर जातो आणि वाजवणारी वरून, कडेने ऐकते. त्यात डावीकडे बँजो कानाला लागलेला.

बाकीच्यांचं मत वेगळं. सुट्टीत बासवाले काका म्हणाले, "अगं, आज तुझा पहिला ठोका कुठे पडतो ते कळलं."

"म्हणजे? आजवर कळत नव्हता?"

"आजवर मी तुझ्या पायाकडे बघून वाजवत होतो."

बँजोवाल्याला मात्र नवी आवडली नाही. "ताई, कोरडी आहे गं. जुनी कशी भरून टाकते." मँडोलिनवाला दादा काहीच बोलला नाही, पण दुसऱ्या तासात त्याचा चॉप हलका झाला होता, हे मी ऐकलं. एरवी तो माझी उणीव भरून काढायला जोरात मारत असणार.

१३ जानेवारी

"भरून टाकते" हा बँजोवाल्याचा शब्द डोक्यातून जात नाही. त्याने स्तुती म्हणून वापरला. माझ्या मते तीच तक्रार आहे.

शिसवी दाट आणि जड. तिच्यात सुराभोवती उपस्वरांचा मोठा घोळका राहतो. महोगनी हलकी, तिच्यात मूळ सूर पुढे आणि घोळका थोडा. पाच वाद्यांत उपस्वरांची जागा आधीच भरलेली असते: बँजोची किणकिण, फिडलची आस, मँडोलिनच्या जोडतारा. त्यात आणखी ढग सोडला तर ऐकणाऱ्याला काय मिळणार? गिटारीने तिथे मोकळी राहिलेली जागा धरायची. ती म्हणजे खर्जाचा आघात.

पण "महोगनी चांगली, शिसवी वाईट" असं लिहून मोकळं होता येत नाही, कारण इतिहास आडवा येतो. ब्लूग्रासचा आवाज ठरला तो बिल मन्रोच्या ब्लू ग्रास बॉइज या मंडळात. डिसेंबर १९४५ मध्ये अर्ल स्क्रग्ज तीन बोटांचा बँजो घेऊन तिथे आला, गिटारीवर लेस्टर फ्लॅट होता, आणि १९४८ पर्यंत ही माणसं एकत्र होती. या संगीताची खूणगाठ बनलेली गिटार म्हणजे मार्टिनची डी-२८, आणि ती रोझवूडची. महोगनीची डी-१८ तिची धाकटी, साधी बहीण. म्हणजे रोझवूड बुडतं म्हणावं तर सगळी परंपराच खोटी ठरेल.

मला वाटतं फरक नुसत्या पाठीच्या लाकडाचा नाही. १९४४पर्यंतच्या डी-२८च्या आत तासलेल्या पट्ट्या होत्या आणि वर रेड स्प्रूस. माझ्या जुनीच्या आत सरळसोट जाड पट्ट्या आणि वर सिटका. रोझवूडची पाठ दोघींना, बाकी काही सारखं नाही. तेव्हा दोन लाकडांची तुलना करते आहे असं मी समजत होते, ते चूक. दोन बांधण्यांची तुलना चालली आहे.

आकाराचीही एक गंमत. हा मोठ्या डब्याचा आकार मार्टिनने १९१६ मध्ये बॉस्टनच्या डिटसन कंपनीसाठी बनवला आणि ब्रिटिश युद्धनौकेचं नाव त्याला दिलं. स्वतःच्या नावाने विकायला काढला थेट १९३१ मध्ये, आणि चौदा फ्रेटांची मान त्याला १९३४ मध्ये आली. तेव्हा ब्लूग्रास हे नावही नव्हतं. गायकाला साथ देणारी दणकट गिटार एवढाच हेतू होता, आणि या संगीतातही मूळ काम तेच आहे.

१५ जानेवारी

पिक. ०.७३ मिमीचं पातळ पिक हिच्यावर अगदीच फटफट वाजतं. १.० ठीक. १.४ मिमीचं तिकोनी, गोलसर कोपऱ्याचं, हेच. जुने वादक ज्या कासवाच्या कवचाच्या पिकची आठवण काढतात त्या कासवाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंदी आहे आणि ती असावीच. आताची कठीण प्लास्टिकं पुरेशी चांगली आहेत.

१७ जानेवारी

आवाज फाटतो का याची परीक्षा. फोन दोन मीटरवर, डेसिबल दाखवणारं अ‍ॅप सुरू, जी कॉर्ड हळू ते जोरात दहा पायऱ्यांत. फोनच्या आकड्यावर माझा फार विश्वास नाही, पण दोन्ही गिटारींना फोन तोच.

सातव्या पायरीपर्यंत दोघी बरोबर. त्यापुढे जुनीचा आकडा वाढेना. हात आणखी जोरात, आवाज तितकाच, नुसता चपटा आणि चिरका. नवीचा आकडा नवव्या पायरीपर्यंत चढत राहिला आणि सुराचं तोंड बिघडलं नाही. रेड स्प्रूसबद्दल लोक म्हणतात ते हेच: हळू वाजवताना तो कंजूष, जोर लावला की देत राहतो. सहा तारखेला मला जे कोरडं वाटलं ते बहुधा मी घरात हळू वाजवत होते म्हणून.

१९ जानेवारी

आज डोळ्यांवर पट्टी नाही, पण पाठ फिरवून परीक्षा. बँजोवाल्याचा धाकटा भाऊ बरी गिटार वाजवतो. त्याला माझ्या जागी बसवलं, मी पाच मीटरवर भिंतीकडे तोंड करून. आधी तो एकटा, आठ फेऱ्या, कोणती गिटार कधी घ्यायची ते त्याने नाणं उडवून ठरवायचं. मग सगळ्यांसोबत आठ फेऱ्या. मी प्रत्येक फेरीला फक्त गुण लिहायचे, ओळखायचं नाही.

एकटा असताना मी वरचे गुण जवळजवळ दर वेळी जुनीला दिले. सगळ्यांसोबत आठपैकी सहा वेळा नवीला. कागदावर मी एका फेरीपुढे लिहिलं होतं, "शिसवी, नक्की, कारण खर्ज भरदार." ती महोगनी निघाली. बँजोवाला कागद बघून हसत सुटला आणि मग म्हणाला, आता मी बसतो तिकडे. त्याच्या कागदावरही नवीच पुढे आली. कोरडी आहे हे मत त्याने बदललेलं नाही. कोरडी आहे आणि ऐकू येते, असं आता म्हणतो.

गिटार निवडताना माणसं दुकानातल्या शांत खोलीत बसून एकटीच वाजवून बघतात. मीही जुनी तशीच घेतली होती.

२२ जानेवारी

खोट सापडली, आणि तीही नेमक्या नको त्या जागी.

सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी. आजूबाजूचे एफ आणि ए नीट वाजतात, हा मात्र एकदम मोठा येतो आणि लगेच विझतो, कुणी उशीवर बुक्की मारावी तसा. जी मध्ये, म्हणजे जी या पट्टीत, वाजवायचं म्हटलं तर ठेक्याचा पहिला सूर हाच.

कारण शोधायला तारांखाली फडकं कोंबून त्या मुक्या केल्या, फोन छिद्रापाशी धरला, स्पेक्ट्रम दाखवणारं अ‍ॅप लावलं आणि घोडीवर बोटाने टकटक केलं. पहिलं शिखर ९९ हर्ट्झला, दुसरं १८८ च्या आसपास. खालच्या जीची कंपनसंख्या ९८. डब्यातली हवा छिद्रातून आत-बाहेर करते तिचा स्वतःचा सूर आणि माझा रोजचा सूर अगदी शेजारी-शेजारी. तारेतली ऊर्जा डबा एका घासात गिळतो. म्हणून मोठा, आणि म्हणून आखूड.

यात कारागिराची चूक म्हणवत नाही. ड्रेडनॉटच्या हवेचा सूर साधारण याच टप्प्यात असतो. तो कुठल्या तरी सुराजवळ पडणारच. माझ्या जुनीचा मोजला तर १०४, म्हणजे जी शार्पवर. तिथे आम्ही सहसा जातच नाही, म्हणून दोन वर्षांत कधी खुपला नाही.

२४ जानेवारी

पुठ्ठ्याचं कडं कापलं. छिद्राचा व्यास १०२ मिमी आहे, कड्याने तो ९० वर आणला. कागदी चिकटपट्टीने आतल्या बाजूने अलगद लावलं. लॅकरवर काहीही चिकटवलेलं नाही, माल अजून माझा नाही. छिद्र लहान झालं की हवेचा सूर उतरतो. टकटक केली तर ९४. आता तो एफ शार्प आणि जी यांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडला. जी सपाट झाला, शेजाऱ्यांसारखा वागू लागला.

उलट्या दिशेचं उदाहरण तर ब्लूग्रासमध्ये प्रसिद्धच आहे. गिटारवादक क्लॅरेन्स व्हाइटच्या १९३५च्या डी-२८चं छिद्र नेहमीपेक्षा मोठं केलेलं होतं. १९७५ मध्ये गिटारवादक टोनी राइसने ती विकत घेतली आणि अनेक वर्षं वाजवली. छिद्र मोठं म्हणजे हवेचा सूर वर, खर्जाची गुरगुर कमी, एकेक सूर सुटा. ज्या माणसाला साथीइतकंच स्वतंत्र वादनही करायचंय त्याला हे मानवणारच. माझा जी खाली ढकलून सुटतोय की वर ढकलून, हा प्रश्न आहेच, पण वर ढकलायला करवत लागेल. तो विषय बंद.

कड्याचा तोटाही ऐकू आला. एकूण आवाज थोडा आत गेला.

२६ जानेवारी

बैठकीला कडं लावून गेले. काकांनी तिसऱ्या चालीनंतर विचारलं, "आज गिटार बदललीस का?" बदलली नाही म्हटलं. "मग तो आधीचा धप्प आवाज कुठे गेला? तो बरा होता."

कडं काढलं, तीच चाल परत. घरात उशीवरची बुक्की वाटलेला जी इथे बासच्या जोडीला बरोबर बसतो. ठेक्यातला खर्ज लांबायला नकोच आहे. लगेच पुढचा झटका येतो आणि त्यात तो घुसला तर चिखल होतो. आखूड हवाय, आणि हा आखूडच आहे.

पण एवढ्याने तो सुटला नाही. खालच्या तारांवरून स्वतंत्र वादन करताना, ओळीतल्या सात-आठ सुरांत हा एकटा अंगावर येतो. तिथे हात हलका पडायला हवा, आणि द्रुत लयीत एकाच सुराला हात हलका करणं मला अजून जमत नाही. निम्म्याहून जास्त चाली आम्ही ए मध्ये वाजवतो, म्हणजे दुसऱ्या फ्रेटवर कॅपो आणि हात जीचेच. तेव्हा तो सूर ११० हर्ट्झवर जातो आणि खोट गायब होते. राहिल्या जी मधल्या चाली.

३० जानेवारी

खोलीतली आर्द्रता ३७ टक्क्यांवर उतरली. दोन दिवसांत तारा २.६ वरून २.४ वर आल्या, टॉप बसला. पेटीत ओला स्पंज ठेवला. ४५ ते ५५ मध्ये ठेवायचं, इतकंच.

२ फेब्रुवारी

आज फक्त एकेरी सूर. मेट्रोनोम मिनिटाला ११० ठोक्यांवर, एका ठोक्याला चार सूर, म्हणजे सेकंदाला सातहून जास्त. फिडलच्या चाली गिटारीवर अशा वेगात आणण्याची वाट गिटारवादक डॉक वॉटसनने १९६०च्या दशकात मोठी केली. त्याआधी या संगीतात गिटार बहुतेक साथीलाच असायची.

इथे हिची कोरडेपणाची सवय सोनं आहे. प्रत्येक सूर दाणेदार, आधीचा संपतो तेव्हा पुढचा सुरू. जुनीवर याच वेगात मागच्या सुराची शेपटी पुढच्यावर पडते आणि मला वाटायचं माझी बोटं चुकतायत. काही वेळा खरंच चुकत होती, ती गोष्ट वेगळी. हिच्यावर ती चूक लपत नाही. आज तर कानात काट्यासारखी लागली.

बारीक तारांचे वरचे सूर, बाराव्या फ्रेटच्या आसपासचे, हिचे अजून टिनपाट आहेत. नवं स्प्रूस मुरायला वेळ घेतं असं सगळेच म्हणतात. मुरतं की कान सरावतो, याचा निवाडा मला सहा आठवड्यांत लागणार नाही, म्हणून गुण आजच्या आवाजाला.

दोन तासांनी डावा हात: अंगठ्याच्या मुळाशी दुखतोय. एफ कॉर्ड शेवटच्या अर्ध्या तासात दोनदा फसली.

५ फेब्रुवारी

सॅडल परत काढून ०.२ घासलं. जाड तार २.५. खडखड अजून नाही. यापेक्षा खाली जाणार नाही.

९ फेब्रुवारी

शेवटची बैठक. नवीच नेली, जुनी घरी. सव्वादोन तास. हात दुखला, पण एफ फसली नाही. फिडलवाला, जो सहा आठवड्यांत गिटारीबद्दल एक अक्षर बोलला नव्हता, जाताना म्हणाला, "आज मधे मला थांबून ऐकावंसं वाटलं." त्याने वाजवणं थांबवलं नव्हतं हेही खरं.

एका मंद, गाण्याच्या चालीत मात्र जुनीची आठवण आली. गायक एकटा, मागे फक्त गिटार, तिथे हिचे सूर फार लवकर संपतात. लांब वाक्यांच्या मधे रिकामं पडतं.

१४ फेब्रुवारी

कारागिराला पत्र लिहिलं. ठेवते आहे. खाली तक्रारी: अकराव्या फ्रेटचं टोक, ९९ हर्ट्झ आणि सहाव्या तारेचा जी, वरचे सूर पातळ, मंद चालीत आस अपुरी. सोबत टकटकीचे आकडे, कड्याचं माप, आणि दोन सॅडलांच्या उंच्या.

संध्याकाळी त्याचा फोन आला. फ्रेटचं टोक स्वतः येऊन घासून देईन म्हणाला. ९९ चा आकडा त्याने दोनदा विचारून घेतला. पुढच्या गिटारीचा डबा त्याने अजून बंद केलेला नाही, तिचं छिद्र किती मोठं ठेवायचं यावर तो विचार करतोय. कोणत्या सुरावर नेऊ, त्याने विचारलं. मी म्हटलं जी शार्प, तिथे कुणी जात नाही. तर म्हणाला, तुमच्याकडे जात नसतील.

पुठ्ठ्याचं कडं पेटीच्या कप्प्यात ठेवलंय. जुनीवर लाइट तारा चढवल्या. मंद चालींसाठी ती बैठकीला येत राहील.